छबूबाईच्या आठ घड्या

वरच्या आळीत नऊ घरं होती, आणि त्या नऊ घरांतल्या अकरा बायकांच्या तारखा छबूबाईला तोंडपाठ होत्या. तिला अक्षर येत नव्हतं. पण पुष्पावतीला संकष्टीच्या आगेमागे कावळा शिवतो, सुताराच्या सुनेला एकादशी चुकत नाही, आणि रंगुबाईची सून दर महिन्याला दीड-दोन दिवस अलीकडे सरकते, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती.

तिचं कामच तसं होतं. घरची बाई बाहेर बसली की चार दिवस चुलीला, पाण्याच्या हंड्याला आणि देवाच्या दिव्याला हात लावणारं कुणी लागतं. मग निरोप यायचा, “छबूला सांगा.” छबू यायची. भाकरी थापायची, पाणी भरायची, दिवा लावायची आणि पुढच्या घरी जायची. ती स्वतः कधी बाहेर बसत नव्हती. बसायला कारण नव्हतं. जन्मली तेव्हा घरच्यांनी तिचं नाव छगन ठेवलं होतं.

काष्टीपासून दोन कोसांवरचं हे गाव. सोळाव्या वर्षी छगन आराध्यांच्या मेळ्याबरोबर तुळजापूरला गेला आणि लुगडं नेसून, गळ्यात कवड्यांची माळ घालून, छबू होऊन परत आला. त्या दिवसापासून तिनं धोतराला हात लावला नाही. बाप वर्षभर बोलला नाही. आईनं मात्र गोठ्यालगतची खोली सारवून दिली. आता दोघंही नव्हते. मोठ्या घरात धाकटा भाऊ कानिफनाथ आणि त्याची बायको साळूबाई राहत, अलीकडे छबूची खोली, आणि दोन्हींच्या मधे पडवी. गावानं छबूसाठी हे दिवाबत्तीचं काम शोधून काढलं आणि मग तिच्या लुगड्याबद्दलचं बोलणं कमी कमी होत गेलं. देवीचंच माणूस आहे, कायम सोवळं, असं लोक म्हणू लागले.

“तुझं बरं हाय बाई छबू,” बायका म्हणायच्या. “ना अडचन, ना खोळंबा.”

त्या हे चांगल्या मनानं म्हणत. छबूच्या काळजात मात्र दर वेळी काटा मोडायचा.

तिला हेवा वाटायचा तो त्या पडवीचा. साळूबाई बाहेर बसली की पडवीत गोणपाट टाकायची. पुष्पावती शेजारचीच, तिचं घर एका खोलीचं, म्हणून तीही तिथंच येऊन बसायची. दोघी पाठीला पाठ लावून बसत, केस मोकळे, काम नाही, सागरगोटे खेळत, आणि कशावर तरी एवढ्या हसत की साळू गोणपाटावर आडवी व्हायची. छबू भाकरी घेऊन दाराशी आली की हसणं थांबायचं. छबू वरून अलगद भाकरी टाकायची, शिवाशिव नको म्हणून. साळू भाकरी उचलायची, पण तिला हाक कधी मारायची नाही. छबूला काय म्हणायचं हे साळूनं लग्न होऊन आल्यापासून ठरवलंच नव्हतं. भावजी म्हणावं तर लुगडं, वन्सं म्हणावं तर गाव हसेल. म्हणून ती “आवं, जरा हिकडं” एवढ्यावरच भागवायची.

“काय हसताय गं?” छबूनं एकदा विचारलं.

“बायकांचं हाय ते,” पुष्पावती म्हणाली. ती वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. “तुला काय कळायचं?”

छबूच्या खोलीत कोनाड्यामागे एक गाठोडं होतं. आईचं जुनं लुगडं फाडून तिनं त्यात आठ घड्या करून ठेवल्या होत्या. बायका ठेवतात तशाच, मऊ झालेल्या सुती कापडाच्या, कड दुमडलेल्या. आई गेली त्या वर्षी केलेल्या, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या. दर दिवाळीला ती त्या धुवायची, दार लावून आतल्या दोरीवर वाळवायची आणि परत बांधून ठेवायची. त्यांचा काही उपयोग नव्हता. तरी एखादी घडी कधी फडक्याला वापरावी असं तिच्या मनात आलं नाही.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर गेलं. गडी खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. छबू पहिल्या दिवशी बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, तेव्हा मुकादम म्हणाला, “तू ना हिकडची ना तिकडची. तू पानी पाज.” पाणी पाजणारं माणूस सोवळंच लागतं, तेव्हा सगळ्यांना ते पटलं. छबू घागर घेऊन दोन्ही रांगांतून फिरू लागली. साळू आणि पुष्पावती एकमेकींच्या हातात पाटी देताना काहीतरी कुजबुजायच्या. छबू जवळ गेली की पाणी मागायच्या.

खणणाऱ्यांत मच्छिंद्र नावाचा एक जण होता. अकोल्याच्या डोंगराकडचा, भंडारदऱ्याच्याही वरच्या अंगाचा. बुटका, रुंद हाताचा, आवाज घोगरा, तिशीच्या आतला. टोळीबरोबर आला, पण राहिला टोळीपासून वेगळा, छबूच्या कुंपणालगत चटयांचं पाल टाकून. छबूच्या चुलीवरची भाकरी खायचा आणि त्याबदली तिच्यासाठी टँकरवरून पाणी आणायचा. बोलायचा कमी. कुदळ मात्र अशी मारायचा की दोन गड्यांचा खड्डा एकटा संपवायचा. गडी त्याला मानायचे. छबू ते बघायची. परक्या गावातून आला, कुदळ उचलली आणि बाप्यांत बाप्या झाला. तिला वीस वर्षांत पाटी उचलू दिली नव्हती.

दर महिन्याला तो राख मागायचा.

“मूठभर राख दे, छबूबाई. भांडी घासतो.”

त्याच्या पालात एक जर्मनचा पेला सोडला तर भांडं नव्हतं. पहिल्यांदा छबूच्या ते ध्यानात आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, कारण मधे बरोबर अठ्ठावीस दिवस गेले होते आणि अठ्ठावीस दिवस छबूच्या मनात आपोआप मोजले जात. बायका कापडात राखेची पुरचुंडी बांधतात, हे तिला ठाऊक होतं. त्यातच पाणी पाजताना बायांचं बोलणं कानावर आलं.

“त्या मच्छिंद्राचा फेटा बघितलास का गं?” पुष्पावती म्हणत होती. “आला तवा चार येढे हुते. आता दोन बी न्हाईत. म्हैन्याला हातभर आखडतोय.”

तिसऱ्या महिन्यात छबू पहाटे उजाडताना नाल्याकडे गेली. मच्छिंद्र तिथं उकिडवा बसून खड्डा करत होता. फेट्याची फाडलेली पट्टी त्यानं खड्ड्यात टाकली आणि पायानं माती लोटली. पट्टी कशानं भरली होती ते उजेडात दिसत होतं.

छबूला राग आला. दया यायला हवी होती, असं तिला पुढे अनेकदा वाटलं. पण आला तो रागच. आपण आठ कोऱ्या घड्या अकरा वर्षं सांभाळतो, आणि हा येतं ते मातीत गाडतो.

“पुरतोस व्हय रं?” ती म्हणाली.

मच्छिंद्र उठला. “कुनाला सांगनार हायेस?”

छबू घागर उचलून गेली.

त्या दिवसापासून मच्छिंद्राचं अन्नावर लक्ष नव्हतं. तुकड्या-तुकड्यानं त्यानं छबूला सांगितलं ते एवढंच, की घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलं होतं, नवऱ्याच्या घरून तो तिसऱ्या महिन्यात निघाला, केस कापले, मच्छिंद्र हे नाव स्वतःच ठेवलं आणि मागे वळून पाहिलं नाही. गड्यांना कळलं तर ते आधी लुगडं नेसवतील, मग हसतील, आणि मग कुणीतरी डोंगरात निरोप धाडील. छबूनं ऐकून घेतलं. सांगणार नाही, असं मात्र तिनं म्हटलं नाही. ते तिच्या हातात राहिलेलं तिला बरं वाटत होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच बायकांच्या गोष्टीतलं असं काही तिला कळलं होतं जे आळीतल्या अकराजणींना ठाऊक नव्हतं.

दुपारी बाभळीच्या सावलीत बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. छबू पाणी घेऊन आली. साळू काहीतरी सांगता सांगता थांबली.

“सांग की,” पुष्पावती म्हणाली. “छबूच्या म्होरं काय लाजायचं? ती ना बाई ना बाप्या. भित्तीम्होरं बोलल्यावानी हाय.”

बाया हसल्या. छबूनं घागर खाली ठेवली.

“तुमाला मच्छिंद्राचं काय ठावं हाय?” ती म्हणाली. “फेटा का आखडतो त्याचा, ठावं हाय?”

सगळ्या तोंडं वळवून तिच्याकडे पाहू लागल्या. पुष्पावतीनं घास तसाच हातात धरला. साळू चक्क सरकली आणि तिला बसायला जागा केली. छबू बसली. पाट्यांच्या ढिगापलीकडे मच्छिंद्र कुदळ मारत होता. तो लंगडत होता, फेंगडे पाय टाकत होता. ओलंच कापड परत बांधलं की मांड्या सोलवटतात, हे छबूनं ऐकलेलं होतं. आता दिसत होतं.

“का गं?” साळूनं विचारलं.

“उवा झाल्यात त्याला,” छबू म्हणाली. “फेट्यातच अंडी घालत्यात. म्हनून कापून टाकतोय.”

बायांनी नाकाला पदर लावले आणि हसत सुटल्या. संध्याकाळपर्यंत ते मुकादमाच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मच्छिंद्राला न्हाव्यापुढं बसवून गोटा करवला. छबूला त्याचं तोंड बघवेना, आणि हसूही आवरेना.

“उवा?” मच्छिंद्र भाकरीला बसला तेव्हा म्हणाला.

“मग काय सांगू?”

तो डोक्यावरून हात फिरवत बसला. छबू उठली, कोनाड्यामागचं गाठोडं काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. “घे. आठ हायेत. राख नको आता, आन् ओलं बांधू नगंस. गार पान्यात भिजवायचं आधी, कढत घातलं की डाग धरतो.”

त्यानं एक घडी उलगडून पाहिली. “कुनाच्या हायेत?”

“माझ्या.”

“तुला कशाला लागत्यात?”

“तुला फेटा कशाला लागतो?”

मच्छिंद्रानं घडी कडेला कड लावून परत दुमडली. मग म्हणाला, “मला नको असताना येतं बघ. तुला हवं तर समदंच घिऊन जा.”

“दे की,” छबू म्हणाली. दोघंही हसले, पण हसणं फार टिकलं नाही.

घड्या वाळवायच्या कुठं हा प्रश्न होताच. एकट्या बाप्याच्या पालावर ती कापडं वाळत घालता येत नाहीत. छबू म्हणाली, मी धुते, माझ्या कुंपणावर घालते. त्यानं दोनदा नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही, आणि ते केवळ त्याच्यासाठी नव्हतं.

पुढच्या खेपेला शनिवार आला. काष्टीच्या बाजारामुळं शनिवारी काम बंद असे. छबूनं वाट्याला आलेल्या पाण्यातल्या अर्ध्या तपेलीत तीन घड्या भिजवल्या, राखेनं चोळल्या, पिळल्या. धुताना तिचे हात सावकाश चालत होते. मग उन्हात काटेरी कुंपणावर घातल्या. बायका अशा कापडांवर दुसरं लुगडं पसरतात, कुणाला दिसू नये म्हणून. छबूनंही पसरलं. पण कडा बाहेर दिसतील इतकंच पसरलं.

कडा पहिल्यांदा साळूनं पाहिल्या. ती पुष्पावतीला घेऊन आली. पुष्पावती रंगुबाईला. रंगुबाई आळीतली सगळ्यांत म्हातारी, काठी टेकत आली आणि काठीच्या टोकानं तिनं लुगडं बाजूला केलं. चाळीस वर्षं तिनं अशी कापडं धुतली होती. कुठला डाग कशाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“कुनाची ही?”

मच्छिंद्र पालाच्या तोंडाशी विळ्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला.

“माझी,” छबू म्हणाली.

रंगुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कंदीपास्नं?”

“गुरवारपास्नं.”

“आन् काल सुक्करवारी माझ्या देवाम्होरं दिवा कुनी लावला?”

रंगुबाईची सून बुधवारपासून बाहेर होती. शुक्रवारी तिच्या घरी दिवा छबूनं लावला होता, भाकरी छबूनं थापली होती, सुताराकडचा हंडाही तिनंच भरला होता. साऱ्या आळीच्या तारखा जुळवणाऱ्या बाईनं स्वतःसाठी तारीख सांगताना एवढी साधी गोष्ट जुळवली नव्हती.

“नऊ घरं बाटवलीस,” पुष्पावती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

“खरं सांग, छबू,” रंगुबाई म्हणाली. “ही तुझी न्हाईत. कुनाची ते सांग, म्हंजे माजा देव सोवळा, आन् तू बी पयल्यावानी घरात.”

पालाकडे बोट दाखवलं असतं तर संपलं असतं. दिवा राहिला असता, नऊ चुली राहिल्या असत्या. आणि बायका पुन्हा म्हणाल्या असत्या, तुझं बरं हाय. छबूला ते वाक्य कानात ऐकू आलं, आणि तिला मच्छिंद्राचाही हेवा वाटला, की त्याच्याकडे लपवायला तरी काही आहे.

“माझीच हायेत,” ती म्हणाली. “चुकलं. ध्यानात आलं न्हाई.”

“अकराजनींचं ध्यानात ऱ्हातंय, आन् सोताचं न्हाई?”

“सोताचं कंदी मोजलंच न्हाई, मावशे.”

रंगुबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिनं पालाकडे पाहिलं, विळ्याकडे, गोटा केलेल्या डोक्याकडे. मग परत घड्यांकडे. तिला काय कळलं आणि काय नाही, हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

“मग बाजूला बस आजपास्नं चार दिस,” ती म्हणाली. “माजा देव मी धुऊन घीन. आन् हितनं म्होरं चुलीला तुला बोलवायचं ते इचारून.”

“माज्या पडवीत?” साळू म्हणाली. “बाप्याजातीला शेजारी बशिवता माज्या?”

“बाप्याला इटाळ असतो व्हय गं?”

“न्हाई.”

“मग झालं,” रंगुबाई म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

सोमवारी मुकादमानं घागर दुसऱ्या म्हातारीकडे दिली. कामावर शिवाशिव कुणी पाळत नव्हतं, पाण्याला मात्र पाळत. छबूला बायांच्या रांगेत उभं केलं. डोक्यावर पाटी चढली तेव्हा मान दुखली, आणि दिवसभर ती दुखरी मान ती मिरवत राहिली. साळूचे दिवस त्याच सुमाराला आले. संध्याकाळी दोघी पडवीत एका गोणपाटावर. पुष्पावतीही बाहेर बसली होती, तिनंच सागरगोटे मांडले. छबूचे हात भाकरी थापण्यात तयार, पण गोटा वर उडवून खालचे टिपणं तिला जमेना.

इतक्या वर्षांत ज्या बोलण्यावर तिचा जीव अडकला होता ते बोलणं तिनं ऐकलं. कंबर धरली आहे. कामावर वाटलेल्या सुकडीत किडे निघाले. नवरा घोरतो. एवढंच होतं. तरी पुष्पावतीनं नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली तेव्हा छबू साळूच्या बरोबरीनं आडवी झाली.

चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं. पाणी माणशी एक हंडा. मच्छिंद्रानं आपला हंडा आणून पडवीपासून चार हातांवर ठेवला. “छबूबाई, पानी,” एवढं म्हणून कुदळ खांद्यावर टाकून चालू लागला, सरळ, न लंगडता. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. ज्या दिवसांचं न्हाण ती करणार होती ते दिवस त्याचे होते, आणि ते अंगावरून झटकून तो गड्यांत निघाला होता. तिला पुन्हा हेवा वाटला. पण पाणी तापवून घेतलं.

“वन्सं, सरका जरा,” साळू मागून म्हणाली. “मला बी केस धुयाचेत.”

छबू सरकली. वळून पाहण्याचं धाडस तिला झालं नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी पाऊस पडला आणि काम बंद झालं. मच्छिंद्र राहात्याकडे उसाच्या कामाला निघाला. चार घड्या त्यानं घेतल्या, चार ठेवल्या. फेटा आखूडच होता, पण केस वाढल्यानं डोक्यावर बसत होता. “तारीक ध्यानात हाय नव्हं माझी?” त्यानं विचारलं. छबू म्हणाली, “माझीच हाय ती.”

पुढच्या महिन्यात त्या तारखेला तिनं आपण होऊन गोणपाट पडवीत टाकलं. कुंपणावर काही वाळत नव्हतं. रंगुबाई भाकरी घेऊन आली, तिनं आधी कुंपण पाहिलं, मग छबूला पाहिलं. भाकरी तिनं वरून अलगद टाकली.

“खाली चटनी हाय, बघ,” ती म्हणाली आणि गेली.

पुष्पावतीनं सागरगोटे दिले. शेजारची जागा मात्र चौथ्या दिवशीही मोकळी होती. साळू आत चूल पेटवत होती. छबूनं सवयीनं बोटांवर मोजलं आणि मधेच थांबली. पुन्हा मोजलं. साळूलाही बसून चार दिवस व्हायला हवे होते, आणि ती बसलीच नव्हती. हे कानिफनाथला ठाऊक नव्हतं, रंगुबाईला नव्हतं, बहुधा साळूलाही अजून कळलं नव्हतं.

“वन्सं,” साळूनं आतून हाक मारली, “कोरड्यास हवं का अजून?”

छबूनं गोटा वर उडवला, आणि तो खाली येईपर्यंत चुलीच्या धुराकडे बघत राहिली.